सावकाश होऊ द्या

गेल्या श्रावणात माझा रक्ताचा रिपोर्ट आला. त्यातला ट्रायग्लिसराइडचा आकडा लॅबने ठळक अक्षरांत छापला होता. बायकोने तो कागद फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावला आणि मला रविवारच्या एका ऑनलाइन कार्यशाळेत बसवलं. विषय होता, जेवणाकडे लक्ष देऊन जेवणं. मी म्हटलं, "अगं, माझं जेवणाकडेच तर लक्ष असतं. बाकी कशाकडे नसतं." ती म्हणाली, "तेच तर."

कार्यशाळेला एक बेदाणा घेऊन बसायचं होतं. एकच. अमेरिकेत जॉन कॅबट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्सला ताणतणावाच्या रुग्णांसाठी ध्यानाचा अभ्यासक्रम काढला, त्यातला हा बेदाणा आता जगभर फिरतो. आधी तो बघायचा, मग हुंगायचा, मग कानाशी धरून बोटांनी चोळायचा. (माझा काही बोलला नाही.) मग जिभेवर ठेवायचा, पण चावायचा नाही. एरवी शिऱ्यातले आठ-दहा बेदाणे पोटात गेल्याचं मला कळतही नाही. पण तो एकटा बेदाणा आधी आंबट आणि मग गोड लागला, हे वयाच्या एकावन्नाव्या वर्षी कळलं आणि मी भारावलो. घास बत्तीस वेळा चावा, पोट भरल्याची खबर मेंदूला पोचायला वीसेक मिनिटं लागतात, सगळं वहीत उतरवलं. बाईंनी होरेस फ्लेचर नावाच्या जुन्या अमेरिकनाची गोष्टही सांगितली. तो म्हणे दूधसुद्धा चावून प्यायला सांगायचा. दुसऱ्या दिवशी मी ताक चावून पाहिलं. मुलगी आपलं ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेली.

बारा दिवस नीट गेले. मग गणपती आले.

आमचा गणपती रोह्याला, काकूंकडे. चतुर्थीला दुपारी दोनच्या पंगतीत तीस पानं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मधोमध वरणभाताची मूद आणि पहिल्याच वाढीला तीन मोदक. हळदीच्या पानावर उकडलेले, वाफ न गेलेले. काका म्हणाले, "सावकाश होऊ द्या." मला वाटलं, वा, काकाही कार्यशाळेतलेच!

मी मोदक बघितला. कळ्या मोजल्या, एकोणीस भरल्या. हुंगला. कानाशी मात्र धरला नाही, समोर सोवळ्यातले गुरुजी होते. नाक मोडून तूप सोडलं, घास घेतला आणि चावू लागलो. आता उकडीचा मोदक बत्तीस वेळा चावणं हे शास्त्राला धरून असेल, पण मोदकाला धरून नाही. नवव्या चावण्याला तोंडात काही उरतच नाही. पुढचे तेवीस वेळा मी नुसतीच वेलची आठवत होतो.

"काय रे, सारण बिघडलंय का?" काकू माझ्या पानासमोर उभ्या.

"नाही काकू, फार सुंदर झालंय."

"मग असा का चघळतोयस? गूळ कमी पडला का? खरं सांग हो." पलीकडून आत्या म्हणाली, "दाढ दुखत असेल." कुणी लवंगेचं तेल शोधायला उठलं. सारण सुंदर झाल्याचा पुरावा एकच असतो, आणि तो काकूंनी माझ्या पानात ठेवला. चौथा.

आमच्याकडे पंगत एकदम उठते. शेवटचा माणूस जेवतोय तोवर बाकीच्यांनी बसून राहायचं, आणि रिकामं पान काकूंना बघवत नाही. मी बत्तीस मोजत होतो तेवढ्यात त्या सबंध रांगेत आणखी एक फेरी करून गेल्या. मग निवग्र्यांची एक. शेजारचा चुलतभाऊ दात न हलवता म्हणाला, "तू चाव रे निवांत. आम्ही मरतो इथे." पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाला, एक पाण्याला आणि एक वाऱ्याला मोकळा ठेवावा, असं आयुर्वेदातल्या वाग्भटाने सांगून ठेवलंय. त्या रांगेतल्या सगळ्यांचा वारा माझ्यामुळे गेला.

वीस मिनिटांची ती खबर माझ्या मेंदूला वेळेवर पोचली, यात शंका नाही. पण तेव्हा माझ्या पानात सातवा होता, आणि पानात टाकायचं नाही हे मेंदूला बेदाण्याच्या कितीतरी आधी शिकवलेलं. आठव्याला मी पानावर दोन्ही हात आडवे धरले, तर तो काकूंनी बोटांच्या फटीतून सोडला. "सावकाश होऊ द्या" म्हणजे सावकाश जेवा असं नव्हे, इतक्यात सुटका नाही असं, हे मला तेव्हा उमगलं.

निघताना त्यांनी डबा हातात दिला. "इथे तुला नीट जेवू दिलं नाही कुणी. घरी जाऊन शांतपणे खा."

बायकोने डबा फ्रिजमध्ये ठेवला, रिपोर्टच्या मागे. रात्री साडेअकराला मी त्यातला एक काढला. टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत, ओट्याशी एकटा, आणि कुणी उठू नये म्हणून दिवाही लावलेला नाही. गार उकड चामट होते. पहिला घास मी मोजला. बरोबर बत्तीस.