नोकरी परप्रांतीयाने नेली म्हणता, मग परमनंटची जागा कुठे गेली?

आमच्या गावाच्या ग्रुपवर एक मजकूर पुन्हा फिरतोय. 'महाराष्ट्रातल्या ८० टक्के नोकऱ्या परप्रांतीयांनी बळकावल्या. ते इथे कर भरत नाहीत, कमाई यूपी-बिहारला पाठवतात. ८० टक्के नोकऱ्या मराठी माणसालाच, असा कायदा करा, त्यांना परत धाडा, एकही मराठी पोरगा बेकार राहणार नाही.' पाठवणारा माझा मावसभाऊ. त्याचा मुलगा आयटीआय फिटर, दोन वर्षं घरी बसून आहे. त्याचा राग खरा आहे. पण पोराला नोकरी का मिळत नाही, हे त्या मजकुरात कुठेच नाही. लातूरहून पुण्याजवळच्या चाकणला येऊन मी अकरा वर्षं कारखान्यात काढली, त्यातली चार कंत्राटी. जे डोळ्यांनी पाहिलं त्याच्या आधारावर सांगतो.

आधी तो ८० टक्क्यांचा आकडा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाखांच्या घरात होती. जन्मगाव किंवा आधीचं गाव सोडून दुसरीकडे राहणारे साडेपाच कोटींहून अधिक होते, पण त्यांतले बहुतेक महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रातच हललेले. परराज्यातून आलेले सुमारे ९० लाख, म्हणजे शंभरात आठ. त्यात बेळगाव-बिदरहून लग्न होऊन आलेल्या मराठी लेकीबाळीही आल्या. त्यानंतरच्या जनगणनेचे आकडे आलेले नाहीत, संख्या वाढली असेल हे मान्य. तरी आठाचे ऐंशी होत नाहीत.

आणि गावाकडचं पोरगं ज्या नोकरीसाठी पहाटे चारला उठून पळतं, ती पोलीस भरतीची. २०२४ मध्ये साडेसतरा हजारांच्या आत जागा होत्या आणि अर्ज साडेसतरा लाखांच्या वर. तिथे अधिवासाची अट असते. एका जागेमागे शंभर जण उभे होते आणि ते सगळे आपलेच होते. शासनाची मंजूर पदं वर्षानुवर्षं रिकामी राहतात, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तर नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी माणसं घेण्याचा शासन निर्णय निघाला होता. पोरं चिडली, रस्त्यावर आली, म्हणून पुढच्याच महिन्यात तो मागे घ्यावा लागला. ती जागा कुठल्या बिहारी माणसाने घेतली होती?

आता खासगी कारखान्यांचं. इथे मजकुरात थोडं खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. 'लोकल नको' असं ठेकेदार तोंडावर सांगतो, हे मी स्वतः ऐकलंय. गंमत म्हणजे चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, तिथे मी मराठवाड्याचा म्हणून मलाही बाहेरचाच धरायचे. लोकल का नको? तो सुगीला सुट्टी मागतो, अपघात झाला तर गेटवर त्याचे चार नातेवाईक येतात, युनियनच्या माणसाशी त्याची ओळख असते. दीड हजार किलोमीटरवरून आलेला, एका खोलीत आठ जण राहणारा, मुकादमाची उचल फेडायची असलेला पोरगा यातलं काहीच करू शकत नाही. ठेकेदाराला हवं असतं ते त्याचं निमूट राहणं. तो बिहारचा की ओडिशाचा, याच्याशी ठेकेदाराला देणंघेणं नाही.

याचा पुरावा हवा असेल तर 'नीम'चे दिवस आठवा. २०१३ मध्ये कारखान्यात काम करता करता शिकायची ती केंद्राची योजना आली. पोरं कागदावर शिकाऊ, प्रत्यक्षात लाइनवर पूर्ण पाळी. अकुशल कामगाराच्या किमान वेतनाएवढा स्टायपेंड, पीएफ नाही, ईएसआयचा आजारपणाचा विमा नाही. माझ्या लाइनवर नीमची जी पोरं होती ती परभणी, लातूर, यवतमाळची. सगळी मराठी. मुदत संपली की गेट बंद आणि त्याच मशीनवर नवी बॅच. त्यांच्याजागी परमनंट कुणी आला नाही, मराठी नाही की भय्या नाही. ती जागाच नाहीशी झाली होती. देशभरातल्या संघटित कारखान्यांत कंत्राटी कामगारांचं प्रमाण या शतकाच्या सुरुवातीला साधारण २० टक्के होतं, आता ते ४० टक्क्यांच्या वर आहे. माझ्या पुतण्याची नोकरी त्या वाढलेल्या वीस टक्क्यांत गेली.

कर भरत नाहीत, हा मुद्दा लवकर संपतो. बिस्किटाच्या पुड्यावर, मोबाइलच्या रिचार्जवर जीएसटी लागतो, आणि माल जिथे खपतो त्या राज्याला त्यातला वाटा मिळतो. भोसरीत खर्चलेल्या पैशातला राज्याचा वाटा महाराष्ट्राच्या तिजोरीत जातो, पाटण्याच्या नाही. शिवाय ज्याच्या हातात पगाराची स्लिप येते त्याचा सहसा व्यवसाय कर कापला जातो, महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. हा कर १९७५ साली रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी लावला गेला. म्हणजे शहरात राबणाऱ्याच्या पगारातून आपल्या दुष्काळी गावातल्या माणसाला काम. ही महाराष्ट्राची स्वतःची कल्पना, देशाने ती नंतर उचलली.

पैसा बाहेर जातो, हे मात्र खरं. पण गिरणगावातून कोकणात किती पिढ्या मनीऑर्डरी गेल्या, ते आपल्याच घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आजही दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडमधून कोयते निघतात, नवरा-बायकोची जोडी, पोरंबाळं सोबत. काही पश्चिम महाराष्ट्रात जातात, काही थेट कर्नाटकात ऊस तोडायला. तिथल्या कुणी 'महाराष्ट्राचे लोक आमचं काम खातात, पैसा बीडला नेतात' असं म्हटलं, तर आपण काय उत्तर देणार आहोत? घरी पैसा पाठवता यावा म्हणूनच माणूस घर सोडतो.

कायदा करा म्हणणाऱ्यांना बहुधा माहीत नाही की स्थानिकांना प्राधान्य देण्याचं धोरण महाराष्ट्रात १९६८ पासून आहे आणि पुढे त्यात ८० टक्क्यांची अटही आली. हरियाणाने तर महिना ३० हजारांपर्यंतच्या खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिक, असा कायदाच केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. कर्नाटकने जुलै २०२४ मध्ये तसंच विधेयक आणलं आणि थोड्याच दिवसांत थांबवलं.

परत धाडा, हा प्रयोग २०२० मध्ये न मागता झाला. श्रमिक रेल्वेगाड्या भरून माणसं गेली. जुलैत सरकारने भूमिपुत्रांसाठी महाजॉब्स पोर्टल काढलं. आमच्या पट्ट्यात मराठी पोरं आलीही, उत्साहाने आली. बारा तासांची पाळी, खोलीभाडं आणि मेस वजा जाता हातात काही उरेना, तेव्हा बरीचशी दोन महिन्यांत निघून गेली. त्यांना आळशी म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. त्या पगारात घर चालत नाही, एवढंच ती पोरं न बोलता सांगून गेली. ठेकेदारांनी पगार वाढवला नाही. त्यांनी बसगाड्या पाठवून जुनी माणसं परत आणली.

याच महाराष्ट्रात हे वेगळ्या तऱ्हेने झालेलं आहे. बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाला एकेकाळी कुणी विचारत नव्हतं. अण्णासाहेब पाटलांनी संघटना बांधली आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. हमालाची नोंद त्या कायद्याखालच्या मंडळाकडे, व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरची ठरावीक टक्केवारी, मंडळात भरायची, तिथून पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी. साताऱ्याकडच्या कितीतरी घरांतली पोरं त्यावर शिकली. नोंद झालेल्या कुणालाही कमी दरात राबवता येत नाही म्हटल्यावर, स्वस्तात कुणीतरी लांबून आणण्याचं कारणच उरत नाही.

मावसभावाला मी फोनवर एवढंच म्हटलं, पुढच्या वेळी मोर्चा निघाला तर परप्रांतीय भाजीवाल्याच्या गाडीकडे नेऊ नका. कारखान्याच्या गेटवर न्या आणि तीन गोष्टी मागा: आत परमनंट किती, कंत्राटी किती आणि प्रत्येकाची पगाराची स्लिप. ती स्लिप मागायला तो आठ जणांच्या खोलीतला पोरगाही तुमच्या शेजारी उभा राहील. कारण त्यालाही ती मिळालेली नाही.