साहेबांना केक, पोराला नोटीस

आज ओळखीतल्या एका पोराला वकिलाची नोटीस आली. गुन्हा काय, तर नोकरी सोडून स्पर्धक कंपनीत गेला. बेताचा पगार, काम ग्राहकांचे फोन घ्यायचं. त्याच्याकडे असं कोणतं गुपित होतं हो? डोकं सणकलंय.

कारण याच कंपनीनं आमच्या साहेबांना केक कापून निरोप दिला होता. जायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला पुढच्या वर्षाचं दरपत्रक उघडायला लावलं. "शेवटचं एकदा नजरेखालून घालतो." प्रिंट नाही, पेनड्राइव्ह नाही. चष्मा कपाळावर सरकवून एकेक रकाना वाचत बसले. पुढे समोरच्या कंपनीत रुजू झाले आणि आमची मोठी गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे. इन्सेंटिव्ह बुडाले ते आमचे.

वरच्या खुर्चीतल्यांना बांधायलाच हवं. गोपनीयतेचा करार असतो म्हणे! डोक्यात भरून नेलेला रकाना कोर्टात दाखवणार कसा?

आपल्याकडे करार कायद्याचं कलम २७ आडवं येतं. १८७२ चा कायदा. नोकरी सुटल्यावर दुसरीकडे काम करू नको, ही अट रद्दबातल, साहेब असो की शिपाई. (म्हणजे पोराला नोटीस निव्वळ घाबरवायला!) पण नोकरी चालू असेपर्यंतचं बंधन सुप्रीम कोर्टानं १९६७ मध्येच मान्य केलंय. मग मोठ्या साहेबांचा नोटीस पिरियड सहा महिन्यांचा ठेवा, पूर्ण पगार द्या आणि घरी बसवा. तोवर दरपत्रक शिळं होतं. जर्मनीत नोकरीनंतरही दोन वर्षांपर्यंत बांधता येतं, पण निदान अर्धा मोबदला मोजून.

कॅलिफोर्नियात नोकरीनंतर बांधणाऱ्या असल्या करारांना थाराच नाही आणि तिथला धंदा बुडालेला नाही. बरं, मान्य.

आणि खरं सांगू, साहेबांवर धड रागावताही येत नाही. गिऱ्हाइकाशी न भांडता भाव कसा टिकवायचा, हे त्यांनीच शिकवलं मला. ते कसब त्यांचं, कुठेही न्यावं. दरपत्रक मात्र आमचं होतं. आणि ते मीच उघडून दिलं, कारण साहेबांना नाही कोण म्हणणार?

राग आहे तो फुकटात बांधू पाहणाऱ्या मालकांचा. पगार थांबवायचा आणि वर म्हणायचं, वर्षभर कुठे जाऊ नकोस. त्या पोराच्या घरचा हप्ता काय वकील भरणार आहे? 'सही केली होती ना' असं लिहायला येणाऱ्यांनी आधी आपलं ऑफर लेटर शेवटच्या पानापर्यंत वाचून यावं.