कराडच्या अभियंत्यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी आमच्या रविवारच्या गटाची पद्धत मांडली होती. पासवर्ड सांभाळणाऱ्या एका ओपन सोर्स सॉफ्टवेअरसाठी सांगली-मिरजेकडची पोरंपोरी काम करतात. नव्याने येणाऱ्याने आधी आलेले इश्यू, म्हणजे वापरणाऱ्यांनी कळवलेल्या अडचणी, स्वतःच्या मशीनवर पडताळायचे, टेस्ट (कोड नीट चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्रॅम) लिहायच्या, सूचना मराठीत आणायच्या. एन्क्रिप्शनच्या, म्हणजे पासवर्ड कुलूपबंद करणाऱ्या, भागाला हात सहा महिन्यांनंतर. त्यावर 'एक अभियंता, कराड' अशा सहीने लांबलचक प्रतिक्रिया आली. त्यातलं हे वाक्य तसंच्या तसं देतो: "ज्याने आयुष्यात कोडची एक ओळ लिहिली नाही त्याने दुसऱ्यांच्या कोडवर पहारा द्यायचा, हा कसला ओपन सोर्स?" बाकीच्या तक्रारी अशा: माझा पॅच (कोडमध्ये सुचवलेला बदल) अडकून पडलाय, भाषांतर करून कुणाला नोकरी लागत नाही, नियमावली फक्त इंग्रजीत आहे, आणि एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा घुसवणाऱ्या माणसाने तर दोन वर्षं नेटाने काम केलंच होतं, मग सहा महिन्यांच्या अटीने काय साधणार.

नियमावलीचं तुमचं म्हणणं रास्त आहे. ती मराठीत हवी, आणि होईल.

आता त्या वाक्याकडे येतो. मला बोललात ते मी सोसलं असतं. पण तुमची प्रतिक्रिया गटातल्या सगळ्यांनी वाचली. तासगावहून एसटीने येणारी एक मुलगी गेले कित्येक महिने फक्त टेस्ट लिहिते आणि जुन्या विंडोजवर बग पुन्हा घडवून दाखवते. तिने मला विचारलं, "काका, मग आम्ही करतो ते काम नव्हेच का?" तुम्ही शिकलेले आहात, चांगल्या पगारावर असाल. लिहिण्याआधी एवढा विचार करायला हवा होता की हे कोण वाचणार आहे.

आणि माझ्याबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. सांगलीच्या एका सहकारी बँकेच्या ईडीपी (संगणक) विभागात माझी उमर गेली. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये रिपोर्ट मीही लिहिलेत, पण त्या जोरावर मी बोलत नाही. मी बोलतो ते बँकेत जे पाहिलं त्या जोरावर. व्हाउचर लिहिणारा एक आणि पास करणारा दुसरा, हा नियम तिथे शिपायालाही ठाऊक असतो. लिहिणारा चोर आहे म्हणून तो नियम नसतो. माणसाला स्वतःची चूक दिसत नाही म्हणून असतो. एकदा सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीकडून नवी आवृत्ती आली. त्यांची माणसं आमच्यापेक्षा हुशार, म्हणून कुणी न तपासता ती रात्री चढवली गेली. आवर्तक ठेवींचं व्याज चुकू लागलं. कंपनीचे इंजिनिअर म्हणत राहिले की प्रोग्रॅम बरोबर आहे. चूक प्रथम कुणी दाखवली, माहीत आहे? मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडतीवर काम करणाऱ्या एका हमालाने. पासबुक घेऊन काउंटरला आला, कागदावर हिशोब मांडला आणि तो बरोबर निघाला. त्याने कोडची एक ओळ लिहिली नव्हती. पुढे आम्ही रात्र-रात्र बसून खाती हाताने जुळवली. पहारा कशाला, हे मला तेव्हापासून कुणी शिकवावं लागलेलं नाही.

हार्टब्लीड या गाजलेल्या त्रुटीचं नाव तुम्ही घेतलं नाहीत, म्हणून मी घेतो. इंटरनेटवरचं बोलणं गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरची १.०.१ आवृत्ती मार्च २०१२ मध्ये आली. समोरून आलेल्या संदेशात "माझा मजकूर एवढा लांब आहे" असं म्हटलं असेल, तर तो खरंच तेवढा आहे का, एवढीच तपासणी तिच्यात राहून गेली होती. त्यामुळे एका मागणीत सर्व्हरच्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर बाहेर जाऊ शकत होता. त्यात पासवर्ड असतील, एन्क्रिप्शनच्या खाजगी किल्ल्या असतील. दुरुस्ती आली एप्रिल २०१४ मध्ये. मधली दोन वर्षं तो कोड अख्ख्या जगाला खुला होता. लिहिणारे विद्वान होते, तो बदल दुसऱ्याने बघितलाही होता. वापरणाऱ्यांची गणती नव्हती, आणि नीट वाचणारे बोटांवर मोजण्याइतके होते. कोड लिहायला उत्सुक माणसं मला दर आठवड्याला भेटतात. दुसऱ्याचा कोड बसून वाचणारा माणूस घडवावा लागतो, आणि तेवढ्यासाठी मी हा गट चालवतो. यात मी कुणाचा रस्ता अडवतोय असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू दे.

एक्सझेडबद्दल तुम्ही विजयी आवेशात लिहिलंय, पण प्रकरण पुरतं वाचलेलं दिसत नाही. तिथला मेंटेनर, म्हणजे ते सॉफ्टवेअर सांभाळणारा, एकटा होता, थकलेला होता. २०२२ मध्ये अनोळखी नावांनी त्याच्यावर दबाव आणला गेला: पॅच का अडकलेत, तुम्हाला झेपत नसेल तर दुसऱ्याला द्या. तो दुसरा, म्हणजे तुम्ही म्हणता तो दोन वर्षं काम करणारा, आयता तयार होताच. तुमच्या प्रतिक्रियेचा सूर त्या ईमेलांपेक्षा फार वेगळा नाही, हे मला स्पष्टच लिहायचं आहे. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमधला चोरदरवाजा उघडणारी स्क्रिप्ट रिपॉझिटरीत, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात, नव्हतीच, ती फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (वाटायच्या बांधलेल्या फाइलमध्ये) होती. दोन्ही जुळवून बघायला कुणी नव्हतं. मार्च २०२४ मध्ये ते पकडलं आंद्रेस फ्रॉइंड यांनी, एसएसएचने (दूरच्या मशीनवर शिरण्याच्या सोयीने) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढ्यावरून. ते पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे, एक्सझेडच्या कोडशी त्यांचा संबंध नव्हता. म्हणूनच आमच्याकडे सहा महिन्यांनंतरही कुणाचा पॅच एकट्याच्या भरवशावर पुढे जात नाही, आणि प्रत्येक रिलीज गटातले दोघे आपापल्या मशीनवर कोडपासून बिल्ड (तयार) करून ताडून बघतात. हे मागच्या लेखात होतं. तुम्ही ते सोडून दिलंत.

नोकरीचं म्हणाल, तर मी कुणाला नोकरीचं आमिष दाखवलेलं नाही. त्यावर अधिक लिहीत नाही.

तुमचा पॅच मी उघडून पाहिला. क्लिपबोर्डवरचा, म्हणजे कॉपी केलेला, पासवर्ड किती सेकंदांनी पुसायचा ती वेळ तुम्ही बदललीत, आणि त्याच पॅचमध्ये फाइल साठवण्याचं एक फंक्शनही हलवलंत, ज्याचा याच्याशी काही संबंध नाही. टेस्ट एकही नाही. स्क्रीन लॉक झाल्यावर पासवर्ड पुसला जातो का, ॲप मध्येच बंद पडलं तर काय, हे तुम्ही पाहिलेलं दिसत नाही. त्या तासगावच्या मुलीने पाहिलं. ॲप बंद पडल्यावर पासवर्ड क्लिपबोर्डवर तसाच राहतो. तिने पायऱ्या लिहून तुमच्या पुल रिक्वेस्टखाली (पॅच घ्या या विनंतीखाली) परवाच टाकल्यात, त्या वाचा. दोन्ही बदल वेगळे करून, टेस्ट जोडून पाठवलेत तर पुढच्याच रविवारी घेऊ. आम्ही सकाळी सांगलीच्या विश्रामबागेत बसतो. कराडहून यायचं तर जरूर या, पण स्वतःच्या नावाने या. बिननावाची पुढची प्रतिक्रिया मी इथे प्रसिद्ध करणार नाही.