महिन्याला तीन टक्के, फिक्स

काल कर्वे पुतळ्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर पिंट्या येऊन बसला आणि म्हणाला, वडिलांचे रिटायरमेंटचे बावीस लाख आलेत, सोसायटीतल्या एकाकडे टाकतोय, महिन्याला तीन टक्के, फिक्स. फुल कॉन्फिडन्स आहे, शेजारच्यांना दर महिन्याला येतायत ना!

मास्तर लगेच सुरू. अरे महिन्याला तीन म्हणजे वर्षाला छत्तीस, तुला एवढे देऊन त्याला वर स्वतःला सुटायला नकोत का? आणि धंदा इतका खात्रीचा असेल तर बँक त्याला बारा-चौदा टक्क्यांनी लोन देईल की, तो तुझ्या दारात कशाला येतोय? पिंट्या म्हणे ते शेअर बाजारात ऑप्शन्समध्ये ट्रेडिंग करतात. आता शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे जाहीर केलेत, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ म्हणजे फ्यूचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या सामान्य माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, मग हा फिक्स कुठून देणार? शेजाऱ्याला जे येतायत ते नफ्यातलेच आहेत कशावरून, नंतर आलेल्यांचे पैसेच फिरवत असतील तर?

वकिलानं विचारलं, कागद काय देतोय? तर म्हणे पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर करार आणि पुढच्या तारखेचे चेक. सेबीचा नोंदणी नंबर मागितलास का? मागितला, तर तो म्हणाला "एवढा पण विश्वास नाही का आमच्यावर?" मला विचाराल तर इथेच उठून यायला हवं होतं. नंबर खरा असेल तर सेबीच्या साइटवर दोन मिनिटांत सापडतो, कोणी ठेवी गोळा करत असेल तर ते तपासायला आणि तक्रार करायला आरबीआयचं सचेत पोर्टल आहे, आणि नोंदणी असलेल्या सल्लागारालासुद्धा रिटर्नची गॅरंटी देता येत नाही.

अप्पांचं एकच, एफडी कर आणि झोप. पण त्यावरही वाद झाला कारण एफडी केली म्हणजे प्रश्न संपले असं नाही. ठेवींवरचा विमा एका बँकेत एका माणसाला व्याजासकट पाच लाखांचाच, तोही फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी एक लाख होता. पुण्यात हे सांगायला नको खरं तर, इथल्याच रुपी सहकारी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि लायसन्स रद्द झालं २०२२ मध्ये. विम्याचे पैसे शेवटी मिळालेही, पण मधल्या वर्षांत कोणाचं ऑपरेशन, कोणाची फी, ते कुठून आणायचे?

मास्तरांचं मत निम्मे तरी इंडेक्स फंडात टाक, म्हणजे सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडात. मी म्हटलं मास्तर, तुम्ही पन्नाशीच्या आत आहात, पिंट्याचे वडील साठ पूर्ण. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स एकवीस हजाराला टेकला होता आणि पुढच्या वर्षी मार्चमध्ये आठ हजारांच्या आसपास. तुम्ही थांबाल, पण त्यांना नेमकं त्याच वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तर पडलेल्या भावात विकायचं का? हे पैसे कधी लागणार हे आधी ठरवायला पाहिजे, किती मिळणार ते नंतर.

मग मी पिंट्याला विचारलं, बाबांना हे माहितीये का? तो गप्प. हाच प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो, पैसे त्यांच्या पस्तीस वर्षांच्या नोकरीचे, आणि बुडाले तर पुन्हा कमवायला त्यांच्याकडे वर्षं नाहीत, त्यांना विचारल्याशिवाय आपला कॉन्फिडन्स काय कामाचा?

शेवटी ठरलं ते असं की वर्षभराचा घरखर्च आणि दवाखान्याचे बाजूला ठेवायचे, बाकीच्यातले बरेचसे पोस्टात सीनियर सिटिझन स्कीमला, तिथे ३० लाखांपर्यंत चालतात आणि व्याज दर तिमाहीला हातात येतं, फंडाचं मास्तरांनी बाबांसमोर बसून बोलायचं. त्या सोसायटीवाल्याला टोकन म्हणून पन्नास हजार आधीच दिलेत हे पिंट्यानं निघताना सांगितलं, ते मागायला उद्या संध्याकाळी वकील त्याच्यासोबत जातोय.