पुढे ऐकायचं नाही!

लग्नाला २७ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ह्यांनी माझ्यापासून काय काय लपवलं असेल ते असो, पण गेल्या श्रावणात जे पकडलं गेलं त्याचा राग अजून पुरता उतरलेला नाही.

रात्रीची कणीक मळत होते. म्हटलं, आपलं ऐकायचं पुस्तक लावा. ह्यांनी मोबाईल पोह्यांच्या डब्याला टेकवून उभा केला आणि लावलं. सहज नजर गेली तर पडद्यावर प्रकरण सतरावं. आदल्या रात्री आम्ही चौदाव्यावर थांबलो होतो.

"चुकून पुढे गेलं असेल गं."

तीन प्रकरणं? चुकून?

मग हळूहळू कबुलीजबाब आला. सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर फेऱ्या मारताना कानात घालून ऐकलं होतं. आणि हे पहिल्यांदा नव्हतं. आधी दोनदा ऐकून आठवणीने मागे आणून ठेवलं होतं, यावेळी विसरले. म्हणजे परवा खुनाचा धागा सापडला तेव्हा ह्यांनी "अरे बापरे!" म्हणून कपाळाला हात लावला होता तो निव्वळ अभिनय. मला त्या खोट्या कपाळाला हाताचाच जास्त राग आला. दोन दिवस मोबाईल डब्याला टेकला नाही. घरात कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या ऐकू येत होत्या.

हसायला येईल, पण मला हे गंभीरपणे म्हणायचंय. नवरा-बायकोने एकत्र पुस्तक ऐकायचं असेल तर हा एक नियम पाळलाच पाहिजे. बाकी सगळं माफ.

आता मागचं सांगते. मी वाचणारी. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची, म्हणजे आपल्या सावानाची, जुनी सभासद. १८४० सालची संस्था आहे, तिथल्या कपाटांपुढे उभं राहिलं की घरी भाजी टाकायची आहे हे विसरायला होतं. आणि हे? अंबडच्या कारखान्यात क्वालिटीला. दहावीनंतर अभ्यासाचं सोडून एक पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नाही, आणि त्याची खंत शून्य. माझ्या हातात पुस्तक दिसलं की "झालं का तुझं ते?" एवढंच. भांडण कधीच नव्हतं. फक्त माझ्या दिवसातला एक मोठा तुकडा ह्यांना ठाऊकच नव्हता.

लेक पुण्याला नोकरीला लागली आणि महिन्यातून एक फेरी ठरलेली. नाशिक-पुणे सरळ रेल्वेमार्गाच्या बातम्या वाचत आमची पिढी पिकली, त्यामुळे गाडीच. २१० किलोमीटर, चाकणला अडकलात की सहा तास. सिन्नरपर्यंत बोलायचे विषय संपतात. गॅसचा नंबर लावला का, सोसायटीचा मेंटेनन्स भरला का, मावशींच्या गुडघ्याचं काय झालं. पुढे ह्यांची जुनी गाणी आणि माझी डुलकी. लेकीनेच मोबाईलवर स्टोरीटेल, म्हणजे पुस्तकं ऐकायचं ॲप, घालून दिलं. ते मराठी पुस्तकांसकट २०१७च्या अखेरीला आपल्याकडे आलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. ऐकणं म्हणजे काय वाचन का?

पहिलं पुस्तक अर्थात मी निवडलं. नावाजलेली कादंबरी, माझी लाडकी. नांदूर शिंगोटे यायच्या आत ह्यांनी विचारलं, "हा माणूस मघापासून नुसता विचारच करतोय. काही करणार आहे का?"

मी भडकले. पण खरं सांगू? वाक्य चोख होतं. त्या कादंबरीवरचे दोन-तीन मोठे लेख मी वाचले आहेत, त्यात इतकं नेमकं कुणी म्हटलेलं नाही.

मग ह्यांनी एक तपासकथा निवडली. मी खिडकीबाहेर बघत, उपकार केल्यासारखी ऐकत होते. एका पहारेकऱ्याचा जबाब चालू होता. ह्यांनी गाडीचा वेग कमी केला आणि म्हणाले, "खोटं बोलतोय हा. ट्रक आत आला म्हणतो, मग गेटच्या रजिस्टरवर नोंद कुठाय?" ३० वर्षं दुसऱ्यांच्या नोंदी तपासणारा माणूस. दोन प्रकरणांनी तेच निघालं. तेव्हा ह्यांचा चेहरा बघायला हवा होता! आणि माझाही, कारण मला ते अजिबात सुचलं नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की पुस्तकातलं मला कळतं.

तेव्हापासून पुस्तक गाडीतून घरात आलं. आमचे हे आयुष्यात पहिल्यांदा मेथीची जुडी घेऊन बसले ते एका खुनाच्या तपासात. देठं जरा जाड ठेवतात, पण बसतात. पालेभाजी निवडणं, शेंगा फोडणं, कपड्यांच्या घड्या, या सगळ्या हाताच्या कामांना कान लागतच नाहीत. ते रिकामेच असतात.

"ऐकणं म्हणजे वाचन नव्हे" म्हणणाऱ्यांत मीही होते, म्हणून आता त्यांच्याशी भांडायचा मला हक्क आहे. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. तिला शिवलीलामृताचा अकरावा अध्याय पाठ होता आणि पांडवप्रतापातले प्रसंग ती आम्हाला मीठमसाला लावून सांगायची. कुठून आलं ते? चातुर्मासात वाड्यात पोथी लागायची, तिथून. एक जण वाचणार, बाकीच्या वाती वळत ऐकणार. शिवाय वाचणारा थांबायचा, अर्थ सांगायचा, मग एखादी बाई म्हणायची, "आमच्या थोरल्या जाऊबाई अगदी अश्शाच हो." सगळ्या हसायच्या आणि पोथी पुढे जायची. डोळ्यांनी, एकट्याने, मनातल्या मनात वाचणं ही आपल्याकडे फार अलीकडची चैन आहे. बहुतेकांनी साहित्य कानानेच घेतलं.

बोलकी पुस्तकं मुळात आली ती अंध वाचकांसाठी. ब्रिटनमध्ये १९३५ साली ही सेवा सुरू झाली, तिच्यामागे पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेले सैनिक होते. तबकडीच्या एका बाजूवर साधारण २५ मिनिटांचं वाचन मावायचं. मग उठायचं, तबकडी उलटायची. मला त्या उठण्याचा हेवा वाटतो. तेवढ्या वेळात त्या घरांत काहीतरी बोललं जात असणार. आता पुस्तक सलग अकरा तास वाहत राहतं, तेव्हा थांबवायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

म्हणून माझं ठाम मत आहे की जोडीने ऐकताना सगळी गंमत थांबवण्यात आहे. ऐकणं तर कुणीही करतं. दोघांनी एकेक इअरफोन कानात खोचून ऐकू नका, ते फोटोत बरं दिसतं. स्पीकरवर लावा, आणि मोबाईल दोघांच्याही हाताला येईल असा ठेवा. ज्याला वाटेल त्याने थांबवावं, दुसऱ्याने कुरकुरू नये. कुरकुर होतेच म्हणा. मिक्सर लागला की मी थांबवते, ह्यांना झोप लागली की मागे न्यायचं की नाही यावर सकाळी वाद होतो. "मी जागा होतो." "मग त्या मामाचं काय झालं?" शांतता.

भाचा सगळं दुप्पट वेगाने ऐकतो. परवा आमच्याकडे आला होता, म्हणाला, "मावशी, दीडवर तरी करा, लवकर होईल." झालं तर मग काय करायचं रे, बाळा?

आवाजाबद्दल मात्र मी फार चोखंदळ झाले आहे. चांगला वाचणारा मिळाला तर सुमार पुस्तकही तरून जातं. उलट एक पुस्तक, बहुधा यंत्राच्या आवाजातलं, आम्ही १० मिनिटांत बंद केलं. चहातला च आणि चाकातला च त्याला एकच. आणि शहरी वाचकाने खेडवळ माणसाचं बोलणं नाटकातल्या गड्यासारखं ओढून वाचलं की ह्यांना, निफाडकडच्या माणसाला, संताप येतो. "आमच्याकडं कुणी असं बोलत नाही," असं मोबाईललाच सांगतात.

सगळं एकत्र ऐकावं असं माझं मुळीच म्हणणं नाही. कविता मी एकटीच वाचते. तिथे मला कुणाचं "बरं मग?" नको असतं. ते विचारमग्न नायकही माझे एकटीचे. ह्यांच्या क्रिकेटच्या चर्चा ह्यांच्या. दोघांचं म्हणून एकच पुस्तक असतं, एका वेळी एक.

पण त्या एका पुस्तकाने काय होतं ते सांगते आणि मग हात आवरते.

गेल्या डिसेंबरात पुण्याला निघालो होतो. तपासकथा संपली होती म्हणून एक कौटुंबिक कादंबरी लावली होती. तिच्यात अंथरुणाला खिळलेली सासू होती आणि तिचं सगळं करणारी सून. मुलगा कामावरून यायचा, आईच्या खोलीच्या दारात उभा राहून "बरी आहेस ना?" विचारायचा आणि जेवायला बसायचा. एवढंच वर्णन, लेखिकेने त्याला कुठे वाईट म्हटलं नव्हतं.

आमच्या सासूबाई १४ महिने अंथरुणावर होत्या. त्याला आता नऊ वर्षं झाली. त्या काळाबद्दल आम्ही कधीच बोललो नाही. मी बोलले असते तर हिशेब मांडल्यासारखं झालं असतं, आणि ह्यांनी काय बोलायचं हे ह्यांना कळत नव्हतं.

संगमनेर सोडून टोलनाक्याच्या रांगेत लागलो होतो. ह्यांनी हात पुढे करून पुस्तक थांबवलं. मला वाटलं टोलमुळे. समोरच्या ट्रकच्या मागचं काहीतरी वाचत असल्यासारखे बघत राहिले आणि म्हणाले, "दारातूनच विचारायचो ना मी पण?"

मी म्हटलं, "हो."

"तुला एकटीला पडलं सगळं."

दांडा वर गेला, गाडी पुढे निघाली. चंदनापुरीचा घाट संपेपर्यंत कुणी काही बोललं नाही आणि पुस्तकही कुणी लावलं नाही. घारगावला चहाला थांबलो तेव्हा ह्यांनी न विचारता माझ्यासाठी बिनसाखरेचा सांगितला.

लेकी बोले सुने लागे म्हणतात ते आपण टोमण्यासाठी वापरतो. इथे लागलं ते तसं नव्हतं. ती सून कुण्या दुसऱ्या गावची, तो मुलगा कुणी दुसराच. त्यांच्याबद्दल बोलता येतं. शिवाय सिनेमासारखा पडदा नाही, समोरासमोर बसणं नाही. एकाचे डोळे रस्त्यावर, दुसऱ्याचे मेथीवर. एकमेकांकडे बघायचं नसलं की काही वाक्यं बाहेर पडतात. माझ्या मैत्रिणी म्हणतात, "आमच्यात बोलायलाच काही उरलं नाही गं." मी त्यांना समुपदेशक वगैरे सुचवत नाही, एक चांगली तपासकथा सुचवते. सुरुवात खुनाने करा. कौटुंबिक नंतर.

ही पोस्ट इतकी लांबली त्याचं कारण वेगळंच आहे. हे दोन दिवसांसाठी मालेगावला नणंदेकडे गेलेत, उद्या रात्री येतील. नवीन पुस्तकाचं नववं प्रकरण अशा जागी संपलंय की विहिरीत सापडलेली ती पिशवी कुणाची हे दहाव्याच्या पहिल्या पाच मिनिटांत कळणार. मोबाईल हातात आहे. घरात कुणी नाही. मागे कसं आणून ठेवायचं तेही आता मला येतं.

मघाशी ह्यांचा फोन आला होता. जेवलीस का वगैरे काही नाही. पहिला प्रश्न, "ऐकलं नाहीस ना?"