रिस्क घ्या, काका!

आयुष्यात थोडी रिस्क घ्यावी, हे मला मान्य आहे. फक्त मी कातळाला लोंबकळत असताना ते कोणी ऐकवू नये, एवढीच अपेक्षा होती. रविवारी तीही धुळीला मिळाली.

त्र्यंबकेश्वरजवळचा हरिहर गड. निरगुडपाड्याहून निघालो, घाम गाळला, पायऱ्यांना लागलो. जवळजवळ उभ्या कातळात खोदलेल्या पायऱ्या, आणि बोटं रुतवायला दोन्ही बाजूंना खोबण्या. १८१८ मध्ये कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रजाने हा चढ बघून शिडीची उपमा दिली आणि वर्णनाला शब्द नाहीत म्हणून हात टेकले. त्या बिचाऱ्याला निदान रांग तरी नव्हती. आम्ही निम्म्यात असताना उतरणारे आणि चढणारे भिडले आणि सगळं ठप्प.

माझ्या नाकासमोर वरच्या पायरीवरच्या तरुणाचा बूट. टाचेला च्युइंगम. बुटाच्या मालकाने काखेतून खाली बघितलं.

“काका, घाबरलात?”

“छे.”

“मग पाय का हलतोय?”

“ठेका धरलाय.”

“गुड! रिस्क घेतली नाही ना, तर लाइफ बोअर होतं. तुमच्या जनरेशनने रिस्कच घेतली नाही. एक नोकरी, एक एफडी.”

कांदेपोह्यांच्या एका बशीवर जन्माची गाठ बांधून घेणाऱ्या पिढीला हा रिस्क शिकवणार! समोरच्याचा पगार खरा की खोटा, हेसुद्धा लग्नानंतर कळायचं. पण वाद घालायला श्वास उरला नव्हता. विचारलं, “आपण काय करता?”

“इन्शुरन्समध्ये आहे.”

हात सोडून कपाळावर मारून घ्यायची सोय नव्हती.

“टर्म प्लॅन आहे तुमचा? पन्नाशीचे असाल ना? बसवतो मी. फॉर्ममध्ये धोकादायक छंदांचा एक प्रश्न असतो, तिथे आपण ‘नाही’ टाकू.”

“आणि हे काय चाललंय?”

“हे कोण सांगतंय त्यांना! नॉमिनी काकूच ना?”

खालून एक बाई ओरडल्या, “अहो, नॉमिनी ठरला असेल तर सरका की पुढे!” रांग केव्हाच हलली होती. मोबाइल नंबर दिल्याशिवाय हा मात्र पायरी सोडेना. दिला. आता रोज जेवायच्या वेळेला फोन येतो. कालचा निरोप: पॉलिसी हातात येईपर्यंत गड-बिड नको.

खोटं कशाला बोलू, दरवाजातून वर आलो तेव्हा छातीत जे धडधडत होतं ते ऑफिसात वर्षभरात एकदाही धडधडलेलं नाही. समोर बसगड, पलीकडे ब्रह्मगिरी. माझ्यासारख्या घरबशा माणसाला आठवडाभर सांगायला गोष्ट मिळाली, बायकोने ती दोनदा ऐकूनही घेतली.

वर एक मावशी लिंबूसरबत विकत होत्या. पायात साधी स्लीपर. लिंबं, साखर, पाण्याचे कॅन, सगळं याच पायऱ्यांनी आणलेलं. शनिवार-रविवारी त्यांचं हेच. त्यांचं लाइफ किती इंटरेस्टिंग आहे, हे त्यांना कोणी ऐकवलेलं दिसत नव्हतं. आमचे रिस्कवाले साहेब वीस रुपयांच्या ग्लासासाठी घासाघीस करत होते.

“पंधराला द्या ना, मावशी.”

“भाऊ, पाणी खालून वाहून आणलंय.”

“म्हणूनच वीस म्हणताय, नाहीतर दहालाच असतं.”

अखेर पंधरालाच घेतलं त्याने. मला वीसला पडलं.