पिंगला उत्तर नाही म्हणजे साइट बंद, असं मी म्हटलेलंच नाही

भाऊ, नेट अडलं की राउटर बंद-चालू करण्याआधी विंडोजमध्ये पिंग, ट्रेसर्ट अशा कमांडा मारून दोष कुठं आहे ते बघा, असं मी लिहिलं होतं; त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. कित्येक सर्व्हर पिंगला, म्हणजे ‘आहेस का?’ या हाकेला, उत्तरच देत नाहीत, ट्रेसर्टमध्ये (वाटेतले थांबे ओळीनं दाखवणाऱ्या कमांडमध्ये) नुसते तारे येतात. मग पीकविम्याच्या शेवटच्या दिवशी गेवराईच्या सेवा केंद्रातल्या पोरानं दारात रांग असताना कमांडा मारत बसायचं का, राउटर बंद-चालू करावा की, असं तुमचं म्हणणं.

पिंगचं खरं आहे. साइट ४४३ पोर्टवर (सुरक्षित वेबसाइटच्या दारावर) मजेत चालू असते आणि पिंग अडवलेला असतो. म्हणूनच मी आधी राउटरला पिंग करायला सांगतो, मग ८.८.८.८ ला (गूगलच्या सर्व्हरला). राउटर बोलला आणि बाहेरचं कुणी बोललं नाही, तर प्रोव्हायडरला तसंच सांगा, फायबरच्या डब्यावर लाल लाइट असेल तर तेही. नुसतं ‘नेट चालंना’ म्हटलं की तोही राउटर बंद-चालू करायलाच सांगतो. इकडं जेसीबीनं फायबर तोडलेली असते.

तारे मधल्याच ओळीत असतील आणि पुढच्या ओळी नीट येत असतील, तर काहीच तुटलेलं नाही. त्या राउटरनं उत्तर दिलं नाही, एवढंच.

खरा छळ वेगळाच. पिंग चकाचक, एनएसलुकअपला (नावावरून साइटचा पत्ता शोधणाऱ्या कमांडला) पत्ता मिळतो, बाकी साइट उघडतात, पण एकच पान गोल फिरत बसतं. विंडोजचा पिंग ३२ बाइटचा, तो कुठूनही निसटतो. पीपीपीओई जोडणीत (प्रोव्हायडरचं नाव-पासवर्ड टाकून होणाऱ्या) एका पाकिटाला १५०० चे १४९२ बाइटच उरतात, त्यातले २८ हेडरचे, म्हणजे पाकिटावरच्या पत्त्याबित्त्याचे; उरले १४६४. म्हणून तुकडे न करण्याचा -एफ आणि आकाराचा -एल १४६४ हे पर्याय लावून १.१.१.१ ला (क्लाउडफ्लेअरच्या सर्व्हरला) पिंग करा. हे जात नसेल आणि आकडा कमी केल्यावर जात असेल, तर वाट त्याहून अरुंद आहे. राउटरमधला एमटीयू, म्हणजे पाकिटाच्या मोठ्यात मोठ्या आकाराचा आकडा, उतरवा. खरं तर ‘पाकीट मोठं आहे’ हा निरोप आयसीएमपीनंच (पिंग ज्या निरोप-पद्धतीवर चालतो तिनंच) परत यायला हवा. पण वाटेत कुणीतरी सरसकट आयसीएमपी बंद केलेलं असतं. तुम्ही ज्या पिंगबंदीचा दाखला दिलात, तिचंच हे फळ! राउटर दहादा बंद-चालू केला तरी हे हटत नाही.

हेही नीट निघालं, तर बहुतेक वेळा गर्दी त्या साइटवरच आहे. मग त्या पोरानं कागद ठेवून घ्यावेत आणि रात्री अकरानंतर अर्ज भरायला बसावं.